तीनतालाच्या सोळा घरांत बॉसा नोव्हा: घरच्या घरी इलेक्ट्रॉनिक ट्रॅक कसा बांधायचा

घरात कॅसिओ असेल तर रिदमच्या यादीत ‘बॉसा नोव्हा’, म्हणजे ब्राझिलचा एक ठेका, सापडतोच. ते बटण दाबलं की हॉटेलच्या लॉबीत वाजतं तसलं काहीतरी सुरू होतं आणि दहा सेकंदांत कान विटतो. बटणावरच्या ठेक्याची मांडणी बरीचशी बरोबर असते. बिघडतो तो वजनात: सगळे आघात एकाच जोराचे, आणि ठेक्याच्या डोक्यावर बसून त्याला ढकलणारी गिटार नाही. लॅपटॉपवर केलेल्या कितीतरी ‘इलेक्ट्रो बॉसा’ ट्रॅकची गत हीच असते. म्हणून पुढे जे सांगितलंय त्यात गिटारचा उजवा हात मालक आहे आणि यंत्र त्याच्या मागून चालतं.

लागणारं सामान मोजकं. नायलॉन तारांची गिटार, दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (४८ व्होल्ट फँटम पॉवरवाला), एक कंडेन्सर माइक, स्टँड, पॉप फिल्टर, बंद कपांचे हेडफोन आणि रीपर, एबलटन किंवा एफएल स्टुडिओ यांपैकी जे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर येत असेल ते. मिडी कीबोर्ड असला तर बरं, नसला तर घरचा कॅसिओ यूएसबीने जोडता येतो का ते आधी पाहा. केबल, अडॅप्टर, कन्व्हर्टर इंदुरात जेल रोडवर मिळतात. फक्त एक्सएलआर केबल घेताना दोन्ही टोकांचे कनेक्टर उघडून टाके बघून घ्या. स्वस्त केबलीत खरखर निघते ती बहुतेक वेळा तिथूनच.

आधी कान तयार करा

१९५८ मध्ये रिओत गायक-गिटारवादक जोआओ जिल्बेर्तोने जे केलं ते समजलं की निम्मं काम झालं. सांबाचा अख्खा ताफा त्याने एका गिटारीवर आणला: अंगठा म्हणजे सुर्दो, म्हणजे मोठा खालचा ढोल, आणि तीन बोटं म्हणजे तांबोरिम, हातात धरून काडीने वाजवायचं लहानसं चर्मवाद्य. गाणं त्यावर जवळजवळ कुजबुजत. म्हणजे गिटार स्वतःच ड्रम मशीन आहे. तिच्यावर आणखी ड्रम चढवायचे तर काहीतरी काढावं लागणार.

हे काढणं सगळ्यात नीट जमलं ते सुबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मितार सुबोतिचला. सर्बियातून साओ पाउलोला स्थायिक झालेला हा निर्माता १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये आगीत गेला. त्याने घडवलेला बेबेल जिल्बेर्तोचा ‘तान्तो तेम्पो’ २००० साली आला. बेबेल ही जोआओची मुलगी. तो अल्बम हेडफोनवर ऐकताना एकच काम करा: प्रत्येक आठ मात्रांत काय वाजत नाहीये ते वहीत लिहा. बोसाकुकानोव्हा या ब्राझिलच्या गटाने जुन्या पिढीच्या गिटारवादक रोबेर्तो मेनेस्कालला सोबत घेऊन २००१ मध्ये केलेला ‘ब्राझिलिदाजी’ही ऐका, तिथे गिटार जिवंत आहे आणि भोवती नाचाचा ठेका आहे. डीजे मार्की आणि एक्सआरएस यांच्यासारख्यांनी साधारण त्याच काळात हीच गिटार ड्रम अँड बेस या जलद नाचसंगीताच्या वेगावर नेली. या तीन वाटा झाल्या. पहिल्या ट्रॅकसाठी सुबाची वाट धरा.

सोळा घरं

पाश्चात्त्य नोटेशनमध्ये हा ठेका शिकवताना फार घोळ होतो. तीनताल येत असेल तर पाच मिनिटांचं काम आहे. सोळा मात्रा धरा. काठीचा आघात, म्हणजे स्नेअरच्या कडेवर पडणारी ‘टिक्’, या मात्रांवर पडते: १, ४, ७, ११, १४. अंतरं झाली ३, ३, ४, ३, ३. मोबाइलच्या तबला ॲपवर तीनताल मिनिटाला १२० मात्रांवर लावा आणि या पाच जागी टाळी द्या. सुरुवातीला हात तेराव्या मात्रेवर पडेल, कारण तिथे आपल्याला टाळीची सवय आहे. पण तेरावर आघात दिला की तो क्यूबाचा सोन क्लावे होतो आणि ट्रॅक रिओ सोडून हवानाला जातो. चौदा. हात आपोआप चौदावर पडेपर्यंत सॉफ्टवेअर उघडू नका.

आता खालचा ठोका, म्हणजे किक: १, ४, ५, ८, ९, १२, १३, १६. यात ४, ८, १२ आणि १६ हे पुढच्या ठोक्याआधीचे हलके धक्के आहेत. पण खरी गंमत वजनात. आपल्याकडे समेला मान. सांबात मोठा सुर्दो दुसऱ्या ठोक्यावर पडतो. म्हणून पहिली आणि नववी मात्रा हलकी, पाचवी आणि तेरावी जड. मिडीत आघाताचा जोर १२७ पर्यंतच्या आकड्याने लिहितात; ते आकडे सांगायचे तर १ आणि ९ ला ६५, ५ आणि १३ ला ९५, मधल्या धक्क्यांना ४० ते ४५. फक्त एवढं बदललं तरी कॅसिओचा वास जातो. करून बघाच.

सॉफ्टवेअरमध्ये हे मांडताना एक हमखास चूक होते. टेम्पो १२४ ठेवलाय आणि एफएलच्या सोळा चौकोनांत वरचा ठेका जसाच्या तसा टाकला, की तो दुप्पट पळतो. तिथला एक चौकोन सोळांश नोटेचा आहे आणि आपली मात्रा अष्टमांशाची. म्हणून सोळा मात्रांना दोन बार (चार ठोक्यांचा एक बार) लागतात. बत्तीस चौकोन घ्या आणि काठी १, ७, १३, २१, २७ वर ठेवा. टेम्पो ६२ करूनही हेच ऐकू येतं, पण मग डिले आणि अर्पेजिएटरचे हिशेब विचित्र होतात. रीपर किंवा एबलटनमध्ये ग्रिड अष्टमांशावर ठेवून दोन बारचा लूप केला की काम झालं. बॉसासाठी ११८ ते १३२ हा आरामाचा पट्टा आहे, आणि हाउस हे क्लबमधलं नाचसंगीतही साधारण इथेच नांदतं, म्हणून दोघांचं लग्न सहज लागतं.

स्विंगचं बटण शून्यावर, म्हणजे काही ठिकाणी ५० टक्के लिहिलेलं असतं तिथे ठेवा. जॅझची लंगडी चाल इथे चालत नाही. तरीही सगळं ग्रिडला चिकटवून ठेवलं तर निर्जीव लागतं. सांबाच्या वादनात चारच्या प्रत्येक गटातली तिसरी आणि चौथी मात्रा किंचित आधी येते. शेकरच्या ट्रॅकवर ३, ४, ७, ८, ११, १२, १५, १६ या मात्रा ८ ते १२ मिलिसेकंद आधी ओढा. किक आणि काठी मात्र हलवू नका. सगळंच हलवलं तर हललेलं कळतच नाही.

शेकर विकत घ्यायची गरज नाही. औषधाची छोटी प्लास्टिकची डबी, त्यात दोन चमचे मोहरी. तांदूळ फार कडक वाजतो आणि काठीशी भांडतो. साबुदाणा मंद, पण आवाजात दम नाही. माइकपासून ३० सेंटीमीटरवर धरून सलग दोन मिनिटं वाजवा आणि त्यातले उत्तम आठ बार निवडा. एकच बार कापून चिकटवू नका, कान तिसऱ्या फेरीला पकडतो. मिडी शेकरच वापरायचा असेल तर चारच्या गटातली वजनं साधारण ९५, ५०, ६०, ८५ अशी.

गिटार, जिच्यावर सगळं उभं आहे

चार स्वरांचे कॉर्ड, एका बोटाने सगळ्या तारा न दाबता. जाड तारेपासून बारीक तारेकडे पडदे लिहायचे, न वाजणारी तार म्हणजे फुली:

डी मायनर नाइन: × ५ ३ ५ ५ ×
जी थर्टीन: ३ × ३ ४ ५ ×
सी मेजर नाइन: × ३ २ ४ ३ ×
ए सेव्हन फ्लॅट थर्टीन: ५ × ५ ६ ६ ×

प्रत्येकाला आठ मात्रा, म्हणजे चार कॉर्डना दोन आवर्तनं. अंगठा १, ५, ९, १३ वर, शांतपणे. तर्जनी, मध्यमा, अनामिका तिन्ही एकदम, काठीच्याच जागांवर. ही पाच जागांची चाल शिकण्यापुरती आहे. ब्राझिलचा वादक ती दर आवर्तनाला थोडी मोडतो, त्यामुळे हात बसल्यावर एखादा आघात गाळून किंवा पुढे ढकलून बघा. आणि इथे खरी किल्ली: नवा कॉर्ड समेवर किंवा नवव्या मात्रेवर येत नाही, तो एक मात्रा आधी, सोळाव्या किंवा आठव्यावर येतो. अंगठा मात्र पहिल्या आणि नवव्यावरच. त्या एका मात्रेत वरची बोटं पुढच्या कॉर्डवर आणि खालची तार मागच्यावर असते, आणि बॉसाचा सगळा लोंबकळता डौल त्यातच आहे. चौकोनी वाजवणाऱ्यांचा कॉर्ड समेवर पडतो. तेवढ्यावरून ओळखता येतं.

माइक बाराव्या पडद्यासमोर, २० ते २५ सेंटीमीटरवर, किंचित गिटारच्या पोटाकडे वळवून. सरळ छिद्रासमोर ठेवला तर १०० ते २०० हर्ट्झमध्ये घुमतं आणि नंतर कितीही कापलं तरी ते जात नाही. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, सर्वोच्च पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास. रेकॉर्डिंगच्या वेळी सॉफ्टवेअरचा बफर १२८ नमुन्यांचा ठेवा. एका बाजूचा उशीर पावणेतीन मिलिसेकंदांच्या आत राहतो. मिक्स करताना तो १०२४ करा, नाहीतर लॅपटॉप धापा टाकेल.

गुणगुण ऐकू आली तर चार्जर काढा आणि बॅटरीवर रेकॉर्ड करा. ५० हर्ट्झची गुणगुण बहुतेक वेळा अर्थिंगची असते, इंटरफेसची नसते. पंखा बंद हवाच: हवेचा आवाज नंतर कमी करता येतो, पण पात्यांवरून परतणाऱ्या आवाजामुळे गिटारला जी थरथर येते ती काढता येत नाही. मे महिन्यात इंदुरात हे सांगणं सोपं, करणं अवघड; म्हणून रात्री अकरानंतर बसा, माळव्याच्या रात्रींचा तेवढा तरी फायदा. सकाळी नगर निगमच्या कचरागाडीचं गाणं प्रत्येक कंडेन्सर माइकमध्ये शिरतं. राजेंद्र नगर किंवा लोकमान्य नगरच्या बाजूला घर असेल तर रेल्वेची घरघरही येते. ती बरीचशी ८० हर्ट्झच्या खाली असते, गिटार आणि गळ्यावर लो कट, म्हणजे खालचा भाग कापणारा फिल्टर, लावला की जवळजवळ जाते. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या दिवसांत मात्र रेकॉर्डिंगचा नादच सोडा आणि मिक्स करत बसा.

उन्हाळ्यातली कोरडी हवा लाकडालाही मानवत नाही. गिटार केसमध्ये, ओलसर स्पंज भोकं पाडलेल्या डबीत घालून ठेवा. नव्या नायलॉन तारा काही दिवस उतरत राहतात, तेव्हा रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी तारा बदलू नका. प्रत्येक टेकआधी ट्यूनर बघा. नंतर सॉफ्टवेअरने सुर लावता येतो खरा, पण कॉर्डवर तो प्रयोग केला की आवाज प्लास्टिकचा होतो.

गिटार दोनदा वाजवून डावी-उजवी करायचा मोह होतो. करू नका. दोन उजवे हात कधीच तंतोतंत जुळत नाहीत आणि ठेका गढूळ होतो. एकच गिटार, मध्यापासून थोडी बाजूला, साधारण १५ टक्के.

खालची जागा कुणाची

घरच्या ट्रॅकमध्ये सर्वाधिक राडा इथे होतो. अंगठा, किक आणि सिंथ बेस तिघंही १, ५, ९, १३ वर पडतात आणि स्पीकर फुगतो. आधी ठरवा की ४० ते १०० हर्ट्झ कुणाला द्यायचे. सुबाच्या वाटेने जायचं तर बेसला द्या: गिटार १३० हर्ट्झखाली कापा, किक छोटा ठेवा (२५० ते ३०० मिलिसेकंदांत संपणारा) आणि त्याचा सूर ट्रॅकच्या सा शी जुळवा. सी असेल तर तो ६५ हर्ट्झला बसतो. न जुळवलेला ८०८ (जुन्या रोलँड ड्रम मशीनचा) किक गिटारच्या अंगठ्याशी बेसूर वाजतो आणि ऐकणाऱ्याला नेमकं काय खुपतंय ते कळत नाही.

बेससाठी साधी साइन वेव्ह, त्यावर जराशी सॅच्युरेशन, कारण मोबाइलच्या स्पीकरवर १०० हर्ट्झखालचं काहीच येत नाही आणि वरचे स्वरांश नसतील तर बेस गायबच होतो. चाल अशी: १ वर कॉर्डचा मूळ स्वर, ४ आणि ५ वर त्याचा पंचम, ८ वर पुढच्या कॉर्डचा मूळ स्वर, हलका. किक आला की बेस २ ते ३ डेसिबल दबेल एवढंच साइडचेन. रिलीज १०० मिलिसेकंद. उसासे टाकणारं पंपिंग क्लबच्या ट्रॅकला शोभतं, इथे कुजबुज ऐकू यायची आहे.

वर काय

इलेक्ट्रिक पियानो घेतलात तर तो गिटारच्या जागा सोडून वाजू द्या: आवर्तनात दोनच कॉर्ड, लांब धरलेले. पॅड शक्यतो नको. लावलंच तर ४०० हर्ट्झखाली कापून, जेमतेम कळेल एवढं.

चालीसाठी बॉसाचे संगीतकार तोम जोबिम यांच्या घराण्याची एक युक्ती वापरता येते: सूर एकच ठेवायचा, खालचे कॉर्ड हलवायचे. सी ला सा मानून गळ्यात पंचम धरा आणि त्याखाली ई मायनर सेव्हन, ई फ्लॅट सेव्हन, डी मायनर इलेव्हन, डी फ्लॅट सेव्हन शार्प इलेव्हन, सी मेजर नाइन असं उतरा. खाली ग, कोमल ग, रे, कोमल रे, सा असा उतार होतो; वरचा पंचम हलत नाही, पण प्रत्येक कॉर्डला त्याचा रंग बदलतो. रागसंगीत शिकलेल्यांना इथे एक अडचण येते: हात सतत मूळ सा कडे धावतो आणि तानपुरा लावावासा वाटतो. तानपुरा लावला की कोमल ग आणि कोमल रे यांचे कॉर्ड आजारी वाटू लागतात. तो बंद ठेवा.

गळ्यासाठी माइक १० ते १५ सेंटीमीटरवर, पॉप फिल्टर मध्ये. जोर लावू नका, कंप नको, शेवटचा स्वर लांबवू नका. इंदूर घराण्याच्या उस्ताद अमीर ख़ाँच्या गावात हळू गाण्याची महती सांगायला नको. हळू आवाजात गाताना माइकचा गेन वाढवावा लागतो आणि खोलीचा आवाजही आत येतो, म्हणून मागे जाड गादी किंवा रजई टांगा. मराठी शब्द बसवताना पहिलं अक्षर समेवर आणण्याचा आग्रह सोडा. ओळ एक मात्रा आधी किंवा दोन मात्रा उशिरा सुरू करा आणि शेवटी गिटारला गाठा. मग ऑडिओ क्वांटाइझ करू नका, म्हणजे ग्रिडला चिकटवू नका; एवढ्या मेहनतीने केलेलं सैलपण ते एका क्लिकमध्ये मारतं.

कंप्रेशन ३:१, तीन ते पाच डेसिबल दाब. ‘स’ आणि ‘श’ टोचले तर ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये डी-एसर. प्लेट रिव्हर्ब सव्वा सेकंदाचा, प्री-डिले ३० ते ४० मिलिसेकंद, म्हणजे शब्द पुढे राहतात आणि शेपूट मागे. १२४ वर डॉटेड अष्टमांशाचा डिले ३६३ मिलिसेकंदांचा होतो. तो फक्त ओळीच्या शेवटच्या शब्दावर, ऑटोमेशनने उघडून बंद करा.

मांडणी आणि शेवटचे आकडे

पहिले आठ बार गिटार एकटी, मग शेकर, सतराव्या बारला काठी आणि बेस, गळा आल्यावर किक. सगळं एकदम सुरू केलं की पुढे देण्यासारखं काही उरत नाही. ३२ बार म्हणजे १२४ वर सुमारे ६२ सेकंद. तीन फेऱ्यांत तीन मिनिटांहून थोडा मोठा ट्रॅक होतो. मधल्या फेरीत गिटार काढून फक्त बेस, काठी आणि गळा आठ बार ठेवा. जुन्या तबकडीची खरखर घालायचा मोह आवरा, तो शिक्का आता फार झिजलाय.

ड्रम अँड बेसला न्यायचं असेल तर टेम्पो १७२. पण १२४ वर वाजवलेली गिटार ताणून तिथे नेऊ नका. जवळजवळ ४० टक्क्यांचा फरक पडतो आणि नखाचा आघात फाटतो. त्या वेगावर पुन्हा वाजवा, काठीच्या पाच जागांपैकी ४ आणि ११ गाळून. जागा मोकळी झाली की ब्रेकबीटला श्वास मिळतो.

मास्टर उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप), ट्रू पीक, म्हणजे सर्वोच्च टोक, उणे १. याहून मोठं केलं तर स्ट्रीमिंगवाले खाली आणतातच, आणि हलक्या-जड ठोक्यांतला फरक तुमच्या लिमिटरने आधीच खाल्लेला असतो. मोबाइल, गाडी आणि एका कानात इअरफोन अशा तीन ठिकाणी ऐका. गाडीत पाचवी आणि तेरावी मात्रा पहिलीपेक्षा जड लागली पाहिजे.

प्रकाशित करण्याआधी एक बघा. जोबिम १९९४ मध्ये गेले. भारतात रचनेचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, म्हणजे त्यांच्या चाली इथे २०५४ अखेरपर्यंत मोकळ्या नाहीत. जुन्या रेकॉर्डवरून दोन सेकंदांचा नमुना कापला तरी रचना आणि ध्वनिमुद्रण अशा दोन परवानग्या लागतात. कॉर्डचा क्रम किंवा सोळा मात्रांची मांडणी मात्र कुणाच्या मालकीची नाही. चाल आणि शब्द आपले घ्या, गिटार स्वतः वाजवा, आणि फाइल २४ बिट वेव्हमध्ये ठेवून द्या. एमपी३ फक्त पाठवण्यापुरती.